मॉडेलच्या फटीला कुठली पुट्टी लावायची?

नमस्कार मंडळी! हे बघा, कॅमेऱ्याजवळ धरतो, १/७२ चं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं, नॅट या लढाऊ विमानाचं प्लॅस्टिक मॉडेल आहे, पंख बॉडीला जिथं मिळतोय तिथं ही फट दिसतेय काय? नखाचं टोक आत जातंय. किरकोळ वाटतं, पण या स्केलला १ मिलिमीटर म्हणजे खऱ्या विमानावर ७ सेंटिमीटरच्या वर झालं की! एवढी फट घेऊन आपल्या बेळगावच्या सांबरा विमानतळावरनं कोण उडणार सांगा.

निपाणी, खानापूर, चिकोडीकडनं सारखं विचारतात, पुट्टी कुठली घेऊ म्हणून. अहो, आधी फट किती ते बघा की. गोंद न लावता भाग जुळवून बघायचे, अडतंय तिथं घासायचं, रुंद फटीत प्लॅस्टिकची बारीक पट्टी सरकवायची, निम्मं काम तिथंच होतंय. आणि भिंतीची पुट्टी अजिबात नको, ती सिमेंटची, घासायला गेलं की टवके निघतात.

आपल्याकडं सहज मिळते ती गाड्यांच्या पेंटच्या दुकानातली एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज पुट्टी. उद्यमबागेतल्या कुठल्याबी गॅरेजवाल्याला विचारा, ओळखतो. टॅमिया या जपानी मॉडेल कंपनीची राखाडी पुट्टीची ट्यूब पण अशीच सॉल्व्हंट, म्हणजे पुट्टी पातळ ठेवणारं द्रावण, उडून सुकणारी, फक्त जास्त मऊ आणि बारीक, आणि महाग, ऑनलाइन मागवायला लागते. आता यातली गोम अशी की सॉल्व्हंट उडालं की तेवढा माल कमी होतो, म्हणजे पुट्टी आत बसते, आज सपाट केलेली जागा दोन दिवसांनी खळगा दाखवते. जाड थापली तर आणखी वाईट, वर साय धरते, आतलं सॉल्व्हंट कोंडून राहतं आणि खालचं प्लॅस्टिकच मऊ पडतं. म्हणून पातळ हात द्यायचा, रात्रभर ठेवायचं, मग दुसरा. केसाएवढी रेघ असेल तर लॅकर थिनरमध्ये थोडी पातळ करून ब्रशनं सोडायची, खिडकी उघडी ठेवून बरं काय.

मोठं भोक असलं तर एम-सील. दोन्ही भाग सारखे मळायचे, यात सॉल्व्हंट उडायचा प्रकार नाही म्हणून आकसत नाही. पण वाळली की प्लॅस्टिकपेक्षा कडक होते, तेव्हा ओली असतानाच पाणी लावलेल्या बोटानं आकार देऊन घ्या, नंतर घासत बसलात तर आजूबाजूचं प्लॅस्टिक झिजेल आणि पुट्टी उंचवटा होऊन तशीच राहील. फेविक्विकमध्ये टाल्कम पावडर कालवून लावतात त्याचंही हेच, धरली की लगेच घासा, उद्यावर ढकलू नका. तेवढा एक फायदा हाय, फेविक्विक हवेतल्या ओलीनं धरतो, त्यामुळं आपल्या जुलैच्या पावसात त्याला काय अडचण नाही. पाण्यावरची ॲक्रिलिक पुट्टी मात्र, व्हॅलेहोची वगैरे, त्या दिवसांत लई रेंगाळते. पण मला ती पंखाच्या सांध्याला आवडते, कारण ओल्या कॉटन बडनं जास्तीची पुसून टाकता येते, घासायचंच नाही, शेजारचे रिव्हेट वाचतात.

लावायच्या आधी फटीच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप, लावून झालं की पुट्टी सुकायच्या आत टेप काढायची. घासायला ४०० चा वॉटर पेपर आइस्क्रीमच्या काडीला गुंडाळा, नुसत्या बोटानं घासलं तर मध्येच खोलगट होतंय. मग ८००, पाणी लावून, म्हणजे धूळ पण उडत नाही. राखाडी प्रायमर मारून लाइट बाजूनं धरा, रेघ दिसली तर तेवढ्याच जागी पुन्हा पातळ हात. घासताना पॅनल लाइन, म्हणजे पत्र्यांच्या जोडाच्या कोरलेल्या रेघा, बुजल्या असतील तर जाड टेप पट्टीसारखी चिकटवून तिच्या कडेनं सुई हलक्या हातानं चार-पाच वेळा ओढा, एकदाच दाबून नको, सुई घसरली की परत पुट्टीपासून सुरू.