स्कूल बोर्डात ‘आपला माणूस’ असला की कामं होतात का? न्यू जर्सीतल्या मराठी पालकांसाठी

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओत मी स्कूल बसच्या वेळांबद्दल बोलले आणि खाली कॉमेंटमधली सगळी चर्चा वळली स्कूल बोर्डाकडे. ‘ताई, बोर्डात कुणी ओळखीचं आहे का?’ ‘आपला एक तरी माणूस निवडून आणायला हवा, मग कामं होतील.’ ‘आम्ही एच-वन-बी म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आहोत, आम्हाला कोण विचारतंय?’ हे प्रश्न इतक्या वेळा आलेत की आज दुसरा विषय नाही.

मी फक्त न्यू जर्सीबद्दल बोलणार आहे. मी इथे राहते, मीटिंगना जाते, इथलं मला माहीत आहे. टेक्सास, कॅलिफोर्नियाच्या मंडळींनी आपापल्या राज्याचे नियम बघा, ते वेगळे आहेत.

आधी प्राथमिक माहिती, पटापट. अमेरिकेत सरकारी शाळा चालवतात स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे त्या त्या भागातल्या शाळांची स्थानिक संस्था, आणि डिस्ट्रिक्टवर असतं बोर्ड ऑफ एज्युकेशन, म्हणजेच स्कूल बोर्ड. न्यू जर्सीत बहुतेक ठिकाणी नऊ मेंबर, तीन वर्षांची मुदत, दरवर्षी साधारण तीन जागा निवडणुकीला. बहुतेक टाउनमध्ये ही निवडणूक नोव्हेंबरमध्ये होते. पक्षाचं चिन्ह नाही. पगार नाही, एक डॉलरसुद्धा नाही, कायद्यानेच नाही. उभं राहायला अमेरिकन नागरिकत्व हवं, मतदार म्हणून नोंदणी हवी, डिस्ट्रिक्टमध्ये किमान एक वर्षाचं वास्तव्य हवं. बोर्डाशी तुमचं कंत्राट किंवा बोर्डावर तुमचा दावा चालू असेल तर नाही. नोव्हेंबरच्या निवडणुकीसाठी अर्ज काउंटी क्लर्ककडे, जुलैच्या शेवटच्या सोमवारी दुपारी ४ वाजेपर्यंत. निवडून आल्यावर गुन्हेगारी पार्श्वभूमीची तपासणी, ट्रेनिंग, दरवर्षी आर्थिक हितसंबंधांचं जाहीर विवरण. झालं.

आता मुद्द्याचं, कारण सगळा गोंधळ इथे आहे.

बोर्डाच्या एकट्या मेंबरला काहीही अधिकार नसतो. अधिकार असतो बोर्डाला, आणि तोही रीतसर बोलावलेल्या मीटिंगमध्ये, मतदान करून. मीटिंग संपली, मेंबर पार्किंग लॉटमध्ये आला, की तो तुमच्या-माझ्यासारखा एक रहिवासी. तो प्रिन्सिपॉलला फोन करून ‘अमक्याला दुसऱ्या वर्गात टाका’ असं सांगू शकत नाही. बस स्टॉप हलवू शकत नाही. शिक्षकाला बोलावून जाब विचारू शकत नाही.

हे माझं मत नाही, न्यू जर्सीचा कायदा आहे. बोर्ड मेंबरांसाठी इथे कायद्यातच आचारसंहिता आहे. तिच्यातला एक नियम असा, की शाळा चालवणं हे माझं काम नाही; शाळा नीट चालवल्या जातायत ना, हे बाकीच्या मेंबरांबरोबर मिळून बघणं हे माझं काम आहे. चालवतो कोण? सुपरिंटेंडंट, म्हणजे डिस्ट्रिक्टचा मुख्य अधिकारी. त्याला नेमतं बोर्ड, त्याचं वार्षिक मूल्यमापन करतं बोर्ड, धोरण ठरवतं बोर्ड, बजेट मंजूर करतं बोर्ड. रोजचा कारभार त्याचा.

‘पण मग शिक्षक तर बोर्डच नेमतं ना?’ हा प्रश्न एका काकांनी तीनदा विचारलाय, म्हणून नीट सांगते. बोर्ड मत देतं, पण फक्त सुपरिंटेंडंटने ज्याची शिफारस केली त्याच्यावर. शिफारस नाही तर नेमणूक नाही. आणि मंजुरीला हजर असलेल्यांचं बहुमत पुरत नाही, एकूण सदस्यसंख्येचं बहुमत लागतं. नऊ मेंबर म्हणजे पाच मतं. त्या दिवशी सहाच जण आले असतील तरी पाचच. आता सांगा, तुमच्या ओळखीचा एक मेंबर तुमच्या भाचीला नोकरी लावून देईल, हे कसं शक्य आहे?

हीच गोष्ट आता दुसऱ्या बाजूने बघू.

माझी एक मैत्रीण शेजारच्या डिस्ट्रिक्टमध्ये बोर्डावर आहे. गणपतीच्या कार्यक्रमात, हातात प्रसादाची प्लेट, एक बाबा तिला बाजूला घेऊन गेले. मुलाला शाळेत कुणीतरी सतत त्रास देतंय, शाळा काही करत नाही, वगैरे. प्रसंग गंभीर होता आणि ते कळवळून सांगत होते. तिने त्यांना दुसऱ्याच वाक्याला थांबवलं. म्हणाली, ‘दादा, मला यापुढचं सांगू नका. आज रात्री प्रिन्सिपॉलला लेखी कळवा, आणि शाळेतल्या अँटी-बुलिइंग स्पेशालिस्टला कॉपी ठेवा.’ ते गृहस्थ दुखावले. पुढच्या आठवड्यात ग्रुपवर चर्चा, निवडून आल्यावर लोक कसे बदलतात बघा!

मंडळी, ती बदलली नव्हती. ती त्या मुलाची बाजू सांभाळत होती. न्यू जर्सीत २०११ पासून शाळेतल्या छळाविरुद्ध कडक कायदा आहे. तक्रार आली की चौकशी होते, निष्कर्ष सुपरिंटेंडंटमार्फत बोर्डापुढे येतो, आणि पालकांना तो पटला नाही तर ते बोर्डापुढे सुनावणी मागू शकतात. त्या सुनावणीत माझी मैत्रीण न्यायाच्या खुर्चीत बसणार. गणपतीत एका बाजूची सगळी हकीकत ऐकून ठेवली, तर त्या दिवशी तिला बाजूला व्हावं लागेल. म्हणजे जिच्याकडून त्या बाबांना आशा होती, नेमकी तीच खोलीत नसेल. म्हणून हात जोडून सांगते, बोर्ड मेंबर दिसला की देवळात, किराणा दुकानात, क्रिकेटच्या मैदानावर त्याला आपल्या मुलाची केस सांगू नका. आधी शिक्षक, मग काउन्सेलर, मग प्रिन्सिपॉल, मग सुपरिंटेंडंटचं ऑफिस. प्रत्येक पायरी लेखी. त्यानंतर बोर्ड.

इथे एक कॉमेंट आठवली. पुण्याहून एका शिक्षिकाताईंनी लिहिलंय, ‘म्हणजे आमच्या शाळा व्यवस्थापन समितीसारखंच की!’ ताई, थोडं सारखं आहे, पण फरक मोठा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातली समिती एका शाळेची असते आणि तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या महिला. इथलं बोर्ड डिस्ट्रिक्टमधल्या सगळ्या शाळांचं. मेंबर पालक असलाच पाहिजे असं नाही. मुलं कधीच शाळा संपवून गेलेली एखादी आजीसुद्धा निवडून येते. आणि सगळ्यात मोठा फरक पैशाचा. आपण भरतो त्या प्रॉपर्टी टॅक्सचा निम्म्याच्या आसपासचा वाटा शाळांना जातो, आणि तो किती असावा हे या बोर्डाच्या बजेटवर ठरतं. त्यामुळे मुलं नाहीत, त्यांनीही हा व्हिडिओ बंद करू नका.

बरं. तिसरी बाजू. तुम्ही मीटिंगला जाता.

बोर्डाच्या मीटिंगा उघड्या असतात. १९७५ चा कायदा आहे, त्याला इथे सनशाइन लॉ म्हणतात. लोकांना बोलायला वेळ ठेवणं बोर्डावर बंधनकारक आहे. नागरिकत्व कुणी विचारत नाही. एच-वन-बीवाल्यांनो, ग्रीन कार्डवाल्यांनो, मत देता येत नाही हे खरं, उभं राहता येत नाही हेही खरं, पण माइकसमोर तुम्हाला कुणी अडवत नाही. तुमची मुलं त्या शाळेत आहेत, घराचा टॅक्स तुम्ही भरता, भाड्याने राहत असाल तर भाड्यातून भरता. बोला!

पण तिथे काय घडतं ते आधी समजून जा. पोडियम असतं. नाव आणि टाउन सांगायचं. बहुतेक ठिकाणी तीन मिनिटं. समोर टायमर, हिरवा दिवा, मग पिवळा, मग लाल. तुम्ही पोटतिडकीने बोलता, आणि समोरचे नऊ जण गप्प. मान हलवतील, लिहून घेतील, ‘थँक यू’ म्हणतील, पुढचं नाव पुकारतील. आपल्या लोकांना याचा फार राग येतो. ‘ढिम्म बसले होते, एक शब्द बोलले नाहीत!’ अशा कॉमेंट मी रोज वाचते.

का गप्प बसतात? पुन्हा तेच कारण. एकट्या मेंबरने तिथे ‘हो, तुमचं करतो’ म्हटलं तर तो बोर्डाच्या वतीने शब्द देतोय, आणि तो अधिकार त्याला नाही. शिवाय तुम्ही एखाद्या शिक्षकाचं नाव घेतलं असेल तर त्यावर उघड मीटिंगमध्ये बोलणं म्हणजे कायदेशीर कटकट. कर्मचाऱ्याच्या नोकरीबद्दल बंद दाराआड चर्चा करायची असली तरी त्याला आधी नोटीस द्यावी लागते. ती गाऱ्हाणी त्या माइकवर मांडून काहीही हाती लागत नाही. धोरण, बजेट, कॅलेंडर, अभ्यासक्रम यांवर बोललात तर फरक पडतो, कारण तिथे बोर्डाच्या हातात मत असतं.

आणि वेळेवर बोला. हे मी अगदी कळकळीने सांगतेय. दर मीटिंगचा अजेंडा काही दिवस आधी डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर येतो. लांबलचक पीडीएफ असते, मान्य. सगळी वाचू नका. पॉलिसीचं पान उघडा आणि ‘फर्स्ट रीडिंग’ असं कुठे लिहिलंय ते बघा. म्हणजे नवीन धोरण पहिल्यांदा समोर आलंय, अजून बदलू शकतं. आपले लोक येतात सेकंड रीडिंगला, म्हणजे मंजुरीच्या दिवशी. सगळा ग्रुप मिळून, टी-शर्ट घालून. तोवर समितीत चर्चा होऊन गेलेली असते, मेंबरांची मनं बनलेली असतात. हाच ग्रुप महिनाभर आधी आला असता तर? फोनवरून सातशे मेसेज करण्यापेक्षा फर्स्ट रीडिंगला आलेली पाच माणसं जास्त काम करतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

बजेटचंही तसंच. आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं. राज्याकडून किती पैसे मिळणार हे गव्हर्नरच्या बजेट भाषणानंतर, वसंताच्या सुरुवातीला कळतं. मार्चमध्ये कच्चं बजेट, आणि एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला जाहीर सुनावणी. लोक सुनावणीला येतात आणि म्हणतात, ऑर्केस्ट्रा का कापला? आकडे तोवर बसलेले असतात. डिस्ट्रिक्टला टॅक्सची वसुली एका वर्षात साधारणपणे २ टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही, काही अपवाद सोडले तर. त्यावर जायचं असेल तर मतदारांना विचारावं लागतं. पगार, आरोग्य विमा, बस यांचा खर्च मात्र २ टक्क्यांत थांबत नाही. मग कुठेतरी कात्री लागते. ती कुठे लागावी यावर बोलायचं असेल तर डिसेंबर-जानेवारीत या. तेव्हा मीटिंगचा हॉल रिकामा असतो, आणि मेंबर तुमचं शांतपणे ऐकतात.

दिवाळीच्या सुट्टीबद्दल खूप जणांनी विचारलंय. ही मागणी बोर्डाकडे न्यायची योग्य मागणी आहे, कारण शाळेचं कॅलेंडर बोर्ड मंजूर करतं. न्यू जर्सीतल्या अनेक डिस्ट्रिक्टमध्ये ही सुट्टी मिळालीय. पण १८० दिवस शिकवणं भरावं लागतं, त्यामुळे एक सुट्टी घातली की जून एक दिवसाने लांबतो किंवा दुसरीकडून दिवस काढावा लागतो. ते उत्तर घेऊन जा. ‘आमचा मोठा सण आहे’ एवढं सांगून परत येऊ नका. हजेरीचा मुद्दा मांडा, कुठला दिवस बदलता येईल ते सुचवा. आणि पुढच्या वर्षांचं कॅलेंडर आधीच मंजूर होतं, तेव्हा ऑक्टोबरमध्ये येऊन याच ऑक्टोबरची सुट्टी मागू नका.

आता, उभं राहायचं का? ज्यांनी हे मनापासून विचारलंय त्यांना माझं उत्तर आहे, हो, जरूर. पण आधी वर्षभर मीटिंगना बसा. घरात किंवा दुकानात एकट्याची हुकमत चालवायची सवय असलेल्यांना हे काम जड जातं. रात्री साडेदहा-अकरापर्यंत मीटिंग, छताच्या दुरुस्तीची निविदा, विशेष शिक्षणाचा खर्च, युनियनबरोबरचा करार. आणि फक्त मराठी, फक्त भारतीय मुलांसाठी उभे राहत असाल तर नका राहू. तुमच्या टेबलावर ज्या मुलाचा प्रश्न येईल त्याचे आईबाप कदाचित ग्वाटेमालाहून आलेले असतील, आणि त्यांना माइकपर्यंत जाण्याचीही भीती वाटत असेल. तुमचं मत त्या मुलासाठीही तितकंच आहे.

नागरिक आहात आणि उभं राहायचं नाही, तर निदान मत द्या. लोक राष्ट्राध्यक्षाचं मत देतात आणि स्कूल बोर्डाचा रकाना कोरा सोडून घरी येतात. मला हे बघून फार वाईट वाटतं. या जागांचा निकाल कधी कधी एका सोसायटीतल्या घरांइतक्या फरकाने लागतो. नुअर्कमध्ये तर एप्रिल २०२५ मध्ये १६-१७ वर्षांच्या मुलांनी बोर्डाच्या निवडणुकीत पहिल्यांदा मत दिलं. घरात त्या वयाची मुलं असतील तर त्यांना मीटिंगला घेऊन जा, अनेक बोर्डांवर विद्यार्थी प्रतिनिधीही असतात.

पुढच्या व्हिडिओत अजेंड्याची पीडीएफ स्क्रीनवर उघडून पान-पान दाखवते. कुठल्या डिस्ट्रिक्टचा अजेंडा बघायचा ते खाली लिहा. डिस्ट्रिक्टचं नाव लिहा, पण शिक्षकाचं किंवा मुलाचं नाव कृपा करून लिहू नका, मला ती कॉमेंट काढावी लागते.