इलेक्ट्रोडभोवतीची ऊती

डीप ब्रेन स्टिम्युलेशन, म्हणजे मेंदूत खोलवर विजेचे स्पंद देण्याच्या उपचारात, वापरली जाणारी लवचिक तार जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीची असते. तिच्या टोकाशी प्लॅटिनम-इरिडियमची चार कडी, म्हणजेच इलेक्ट्रोड, असून, कंपवाताच्या (पार्किन्सन्सच्या) रुग्णात ती बहुधा सबथॅलॅमिक न्यूक्लिअस या मेंदूतील अगदी लहान केंद्रात बसवली जातात. छातीच्या त्वचेखालील उपकरणातून तेथे सेकंदाला साधारण १३० वेळा विजेचे सूक्ष्म स्पंद पोहोचतात आणि कंप, ताठरपणा, हालचालींतील मंदपणा कमी होतो. फ्रान्समधील ग्रनोबल येथे आलिम-लुई बेनाबिद आणि पिएर पोलाक यांनी १९८७ साली या आधुनिक उपचाराची सुरुवात केली. मात्र रात्रंदिवस, वर्षानुवर्षे वीज सोसणाऱ्या ऊतीचे काय होते, हे विचारल्याशिवाय कोणत्याही रुग्णाला निर्धास्त करता येत नाही.

पहिली इजा विजेची नसते, ती तार आत शिरताना होते. काही पेशी दुखावतात, सूज येते आणि उपकरण सुरू होण्यापूर्वीच काही दिवस कंप कमी झालेला दिसतो. हा दिलासा सूज ओसरताच मावळतो, याची कल्पना कुटुंबीयांना आधीच दिलेली असावी, नाहीतर त्यांना उपचार फसल्यासारखे वाटते.

त्यानंतर मेंदू या परक्या वस्तूभोवती स्वतःची सीमा आखतो. मायक्रोग्लिया या मेंदूच्या संरक्षक पेशी सक्रिय होतात, ॲस्ट्रोसाइट या आधार देणाऱ्या पेशी दाट होतात, आणि तारेभोवती एक पातळ आवरण तयार होते, ज्याची जाडी सहसा एक मिलिमीटरही नसते. हे आपल्याला कळले ते मृत्यूनंतर ज्यांचे मेंदू तपासता आले त्या रुग्णांमुळे, आणि त्यांचे हे ऋण फार मोठे आहे. ऑस्ट्रियातील क्रिस्टीन हाबरलर आणि सहकाऱ्यांनी २००० साली अशा आठ रुग्णांच्या तपासणीतून, दीर्घकाळच्या उत्तेजनाने लगतच्या ऊतीचा नाश होत नाही, असा निष्कर्ष मांडला. आठ ही संख्या लहान आहे, पण हे आवरण मुख्यतः परक्या वस्तूला दिलेला प्रतिसाद आहे, याला नंतरच्या तपासण्यांनीही दुजोरा दिला.

ही सुरक्षितता आपोआप आलेली नाही. एकाच दिशेने वाहणारा प्रवाह धातूच्या पृष्ठभागावर रासायनिक क्रिया घडवून पेशींना घातक ठरला असता. म्हणून प्रत्येक स्पंदानंतर तितकाच विद्युतभार उलट दिशेने परत घेतला जातो. आवरणामुळे विद्युतरोधही बदलतो. ठरावीक व्होल्टेज देणाऱ्या उपकरणांत त्यामुळे ऊतीपर्यंत जाणारा प्रवाह कमी-जास्त होतो, तर ठरावीक प्रवाह देणारी नवी उपकरणे त्याच्याशी जुळवून घेतात.

तरीही लक्षणे आटोक्यात येणे आणि आजार थांबणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत: सबस्टॅन्शिया नायग्रा या मेंदूतील भागात डोपामिन हे संदेशवाहक रसायन तयार करणाऱ्या पेशींचा ऱ्हास चालूच राहतो. शिवाय बाहेरून आलेल्या ऊर्जेने हीच कडी तापली, तर ऊती भाजू शकते. डायथर्मीच्या, म्हणजे उच्च वारंवारतेच्या विद्युत-चुंबकीय लहरींनी दिलेल्या, शेकानंतर मेंदूला गंभीर इजा झाल्याची नोंद २००१ साली प्रसिद्ध झाली आहे. म्हणूनच अशा रुग्णाने दंतवैद्यापासून फिजिओथेरपिस्टपर्यंत प्रत्येकाला आपल्या इलेक्ट्रोडची माहिती आधी द्यावी आणि डायथर्मी कधीही घेऊ नये.