बोरघाट आणि ठेकेदारीण बाई

नमस्कार श्रोतेहो. आज बोरघाटाविषयी. खोपोलीहून खंडाळ्याला चढणारी ही वाट फार जुनी; वर कार्ल्याची लेणी, बाजूला राजमाचीचा पहारा. कोकणातलं मीठ बैलांच्या पाठीवरून वर जायचं, देशावरचं धान्य खाली यायचं. गाडीरस्ता झाला १८३० साली, गव्हर्नर माल्कमच्या काळात. लक्षात ठेवा, १८३०.

मग आली रेल्वे, आणि माझी आवडती गोष्ट. १८५६ मध्ये घाटातलं काम सुरू झालं. कातळ फोडायचा, पावसाळ्यात बरंचसं काम बंद, वर पटकी. त्यात मजुरीवरून १८५९ च्या सुरुवातीला मजुरांचा दंगा पेटला आणि पहिल्या ठेकेदारानं काम सोडलं. त्याच्या जागी इंग्लंडहून सॉलोमन ट्रेडवेल आला, सोबत बायको अ‍ॅलिस. आल्यावर काही आठवड्यांतच तो आजारी पडून वारला. परका मुलुख, नवऱ्याचं दुःख ताजं, हजारो मजुरांचं काम अर्धवट. बाईनं पहिल्या बोटीनं परत जायचं, असंच कोणीही म्हटलं असतं. अ‍ॅलिस गेली नाही. ठेका तिनं पुढे चालवला, अ‍ॅडमसन आणि क्लाउजर या दोन जाणत्या इंजिनिअरांच्या हाती कामाची देखरेख दिली आणि घाट पुरा करून घेतला. १८६१ मध्ये तर चाळीस हजारांवर माणसं इथं राबत होती. त्यातली किती गेली, त्यांची नावं कोणी लिहिली नाहीत. इंजिनिअर बर्कलेचं नाव राहिलं. घाट दाखवणाऱ्या शिंग्रोबा धनगराचं देऊळ आहे, ड्रायव्हर अजून तिथं नाणी टाकतात. अ‍ॅलिसबाईंसाठी मात्र साधी पाटीसुद्धा माझ्या पाहण्यात नाही. आपल्याकडे पाट्या उद्‌घाटन करणाऱ्यांच्याच लागतात, हे माझं जुनं रडगाणं.

१४ मे १८६३ ला घाट खुला झाला. पंचवीस बोगदे, अठराशे फुटांहून जास्त चढाई. वाटेत गाडी थांबायची, इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला जोडायचं आणि गाडी उलट्या तोंडानं पुढची चढण चढायची. विजेची गाडी आल्यावर, १९२९ च्या सुमारास, ते बंद झालं.

आता द्रुतगती मार्गावरून घाट कधी संपला ते कळतही नाही. लोक मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात. मी तर म्हणतो, रेल्वेनं जा, खिडकी पकडा. कर्जतला गाडीला मागून बँकर, म्हणजे चढावर ढकलणारं जादा इंजिन लागतं, तेवढं तरी बघा.