तुरुंगातली रोपवाटिका

श्रोतेहो, नमस्कार.

चैत्रात जोतिबाला आपण दवणा वाहतो. त्या दवण्याच्याच कुळातलं एक झुडूप पश्चिम अमेरिकेच्या माळांवर वाढतं, सेजब्रश. राखाडी पान, उग्र वास. तिथला सेज ग्राऊस नावाचा पक्षी हिवाळाभर जवळजवळ याच पाल्यावर जगतो.

वणव्यात हे झुडूप मरतं आणि बुंध्यातून पुन्हा फुटत नाही. लक्षात ठेवा, पुन्हा फुटत नाही! पूर्वी दोन झुडपांमध्ये मोकळी जमीन असायची, आग तिथे अडायची. एकोणिसाव्या शतकात बाहेरून चीटग्रास नावाचं गवत आलं. ते वसंतातली ओल पिऊन टाकतं, जूनपर्यंत वाळतं आणि आगीला सलग वाट करून देतं. 2015 च्या सोडा वणव्यात आयडाहो-ओरेगन सीमेवर पावणेतीन लाख एकरांहून जास्त माळ जळाला.

आता माझी आवडती हकीकत. ओरेगनमध्ये ऑन्टॅरिओ गावाजवळ स्नेक रिव्हर नावाचा मोठा तुरुंग आहे. 2014 साली तिथल्या कैद्यांच्या हाती सेजब्रशचं बी दिलं. बी कसलं, मोहरीपेक्षा कितीतरी बारीक! वसंतात ते लांबट नळ्यांमध्ये पेरायचं. एका नळीत चार-पाच कोंब आले की विरळणी करून एकच ठेवायचा. उन्हाळाभर पाणी घालायचं. सोबत या माळाचे, पक्ष्यांचे, वणव्याचे धडेही. शरद ऋतूत रोपं जळालेल्या सरकारी माळावर रवाना. पुढे इतर राज्यांतल्या तुरुंगांतही हे काम सुरू झालं.

मला यात आवडतं ते उन्हाळाभरचं पाणी. आपल्याकडे जुलैत खड्डा, रोप, फोटो. एप्रिलमध्ये त्या रोपाकडे कोण फिरकतं? आणि गवताळ माळ दिसला की त्यावर झाडं लावायचीच, ही हौस तर मला मुळीच पटत नाही. असो.

रोप लावण्याआधी चीटग्रास हटवावं लागतं, कधी तणनाशक मारून. नाहीतर कोवळं रोप तहानेनंच जातं. म्हणून पुन्हा सांगतो, आधी गवत, मग रोप. आणि रोपं सगळ्या माळभर लावत नाहीत, ठिकठिकाणी पुंजके करतात. सेजब्रशचं बी आईपासून फार लांब पडत नाही, पुढचा पसारा त्या पुंजक्यांतूनच व्हायचा असतो.

नमस्कार.