हात धरायचे किती?

पाऊस थांबला की सुरू करू असं ठरलं होतं, पण या पत्र्यावरचा पाऊस आज काही थांबायचा नाही, आणि पीटीच्या मास्तराला ओरडून बोलायची सवय असतेच, तेव्हा मागच्यांना ऐकू नाही आलं तर हात वर करा. वाचनालयाने मला विषय दिलाय, लहान मुलं आणि फुटबॉल मॅचचा खर्च. आता वेंगुर्ल्यात बसून हा विषय कशाला, क्रिकेटवर बोला की, असं कोणाला वाटेल. पण मडगाव आपल्याला मुंबईपेक्षा कितीतरी जवळ, आणि आपली अर्धी पोरं रात्री दीड-दोनपर्यंत पांघरुणात मोबाईल घेऊन इंग्लंडची प्रीमियर लीग बघतात हे आयांना माहीत नसलं तरी मला माहीत आहे, कारण दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला ती माझ्यासमोर जांभया देत उभी असतात.

तर दोन वर्षांपूर्वी मी माझ्या मुलीला, ती तेव्हा नऊ वर्षांची, आणि भाच्याला घेऊन मडगावच्या फातोर्ड्याला मॅच बघायला गेलो. सोबत मेव्हणा, गाडी त्याची, पेट्रोल माझं. शिरोडा, सातार्डा, पेडणे करत खाली उतरलो, म्हापशात भाच्याला उलटी झाली, पणजीच्या पुलावर ट्रॅफिक, असं करत करत पोचलो तेव्हा लाईट लागले होते. ज्यांनी बघितलं नसेल त्यांना सांगतो, साधारण १९ हजार माणूस बसेल एवढं स्टेडियम आहे, आणि आत शिरल्यावर ते हिरवंगार गवत लाईटमध्ये पहिल्यांदा दिसतं ना, तेव्हा पोरं एक मिनिट गप्प होतात. माझी मुलगी एक मिनिट गप्प, म्हणजे बघा.

त्या दिवसाच्या खर्चाचा कागद मी अजून ठेवलाय. तिकिटं, पेट्रोल, दोन जर्सी (रस्त्यावरच्या, दुकानातल्या ओरिजिनल घ्यायची हिंमत नव्हती), गालावरचा रंग, चार प्लेट रोस ऑम्लेट, आणि येताना आइस्क्रीम, कारण भाचा झोपेतसुद्धा आइस्क्रीम म्हणाला. या सगळ्यात स्वस्त काय होतं? तिकीट! लोक तिकिटाचा रेट बघून जायचं की नाही ठरवतात आणि खिसा रिकामा होतो तो बाकीच्या गोष्टींनी, जसं जत्रेला जायला कुठे तिकीट असतं, पण खाजं, फुगे, पाळणे करता करता पाचशेची नोट कधी गेली कळत नाही.

तर टीम मैदानात आल्या, प्रत्येक खेळाडूच्या हाताला धरून एकेक लहान पोर, आणि माझी मुलगी मला विचारते, बाबा, ती पोरं कोणाची?

मला उत्तर येईना. खेळाडूंची असतील म्हणालो. ती म्हणाली, सगळ्यांना एकेकच मूल आणि सगळी एकाच उंचीची? घरी आल्यावर मी त्याच्या मागे लागलो, आणि आजचं हे सगळं बोलणं त्या एका प्रश्नातनं आलंय.

इंग्लंडमध्ये या पोरांना मॅस्कॉट म्हणतात. तिथे बऱ्याच क्लबांनी याचं पॅकेज करून टाकलंय. त्यात पोराला डोक्यापासून मोज्यापर्यंत पूर्ण किट, आईबापांना मॅचची तिकिटं, आतून थोडी सफर, कॅप्टनबरोबर फोटो, आणि शेवटी तो टनेलमधून हात धरून बाहेर यायचा अर्धा मिनिट. समोरची टीम मोठी असेल तर रेट वर, साधी असेल तर खाली. २०१८ च्या सुमाराला तिकडच्या पेपरांत यावर बरीच आरडाओरड झाली, तेव्हा वेस्ट हॅम या लंडनच्या क्लबचं सगळ्यात महाग पॅकेज होतं ७०० पाउंडांचं. तेव्हाच्या हिशेबाने आपले साठ हजाराच्या वर. एका पोराचे, एका मॅचचे. आणि त्याच लीगमध्ये आर्सेनल, लिव्हरपूल, मँचेस्टर युनायटेड यासाठी पैसेच घेत नव्हते. म्हणजे सगळ्यात श्रीमंत क्लब फुकट देत होते आणि त्यांच्या खालचे विकत होते! फुकट म्हणजे अगदी फुकट नाही, साधारण ज्युनिअर मेंबरशिप घेतलेल्या पोरांतून निवडतात, तिला पैसे पडतातच, पण ७०० नाही पडत.

आता मला हिशेब करायची खोड आहे. ११ पोरं गुणिले ७०० म्हणजे ७,७०० पाउंड. लीगमधल्या क्लबच्या स्वतःच्या मैदानावरच्या मॅच वर्षाला १९. प्रत्येक मॅचला प्रत्येक पोराकडून सगळ्यात वरचा रेट घेतला, तसा घेत नाहीत पण समजा घेतला, तरी वर्षाचे होतात १ लाख ४६ हजार ३०० पाउंड. तिकडच्या बड्या खेळाडूंना आठवड्याचा पगारच लाख पाउंडांच्या वर असतो. आणि २०१६ ते २०१९ या तीन वर्षांसाठी नुसत्या ब्रिटनमधल्या टीव्ही हक्कांचे त्या लीगला मिळाले ५ अब्ज १३ कोटी पाउंडांच्या वर. म्हणजे वर्षभर पोरांच्या आईबापांकडून जमवलेल्या पैशात एक स्टार दीड आठवडा पोसला जातो, बस! पोरांच्या या पैशाशिवाय क्लब बुडतो असं कोणी म्हणालं तर त्याला माझ्याकडे पाठवा.

मग घेतात कशाला? मला विचाराल तर मिळतात म्हणून घेतात. जागा अकराच, मागणारे हजारो, आणि मागणारा पोरगा नसतो हो, मागणारा बाप असतो, ज्याला लहानपणी स्वतःला जायचं होतं. बापाच्या या हौसेवर आमच्या इथे बारशाचे डेकोरेशनवाले जगतात, तिथे क्लब.

जर्सीचंही तेच. २००३ मध्ये ब्रिटनच्या सरकारी ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंगने जर्सीचे भाव संगनमताने चढे ठेवले म्हणून दुकानं, जर्सी बनवणारी अंब्रो कंपनी आणि खुद्द मँचेस्टर युनायटेडसकट सगळ्यांना मिळून १ कोटी ८६ लाख पाउंडांचा दंड केला. आठ-दहा वर्षांचं पोर जर्सी मागतं तेव्हा ते भाव करत नाही, हीच नको, तीच पाहिजे म्हणून रडतं, आणि हे दुकानदाराला पक्कं ठाऊक असतं.

पण तिकडचे लोक नुसते कुरकुरत बसत नाहीत, हे मात्र मानलं पाहिजे. २०१६ च्या फेब्रुवारीत लिव्हरपूलने पुढच्या सीझनचं सगळ्यात महाग तिकीट ७७ पाउंड करायचं ठरवलं, तर संडरलंडविरुद्धच्या मॅचला ७७ व्या मिनिटाला हजारो लोक उठून चालते झाले. टीम २-० ने पुढे होती, लोक उठले आणि मॅच २-२ झाली! थोड्याच दिवसांत मालकांनी माफी मागून तो रेट मागे घेतला. त्याच वर्षीच्या सीझनपासून सगळ्या लीगमध्ये पाहुण्या टीमच्या प्रेक्षकांचं तिकीट ३० पाउंडांच्या वर न्यायचं नाही असं ठरलं. जर्मनीत तर मतांचा मोठा वाटा क्लबच्या मेंबरांकडेच असला पाहिजे असा नियम आहे, पन्नास अधिक एक म्हणतात, म्हणून डॉर्टमंडला उभं राहून मॅच बघणाऱ्यांचा एक अख्खा स्टँड आहे, २५ हजारांच्या आसपास माणूस. उभं राहायचं तिकीट स्वस्त, पोर खांद्यावर.

आणि वेन रूनी, पुढे इंग्लंडचा कॅप्टन झाला तो. १९९६ साली ११ वर्षांचा होता, एव्हर्टनच्या अकॅडमीत, म्हणून त्याला लिव्हरपूलविरुद्धच्या डर्बीला, म्हणजे एकाच शहरातल्या दोन क्लबांच्या मॅचला, लिव्हरपूलच्या अॅनफिल्ड मैदानावर मॅस्कॉट केलं. मॅचच्या आधी गोलकीपर साउथॉलला बॉल हळू हळू मारायचे असतात, या पोट्ट्याने काय केलं, त्या एवढ्या मोठ्या गोलकीपरच्या डोक्यावरून बॉल अलगद गोलात टाकला, आणि तो भडकला. हे मला फार आवडतं. पैसे भरून आलेला पोरगा असता तर बापाने दटावलं असतं, नीट मार, फोटो निघतोय.

आता आपल्याकडे या. माझा हात मी आठ वर्षांचा असताना धरलेला आहे, कोणी, तर संकासुराने. जत्रेतला दशावतार, रात्रीचे बारा वाजून गेलेले, आम्ही पोरं आधी देवळामागे जाऊन रंगायला बसलेल्यांना बघून आलो होतो. एका हातात आरसा, दुसऱ्या हाताने भुवई काढणं चाललेलं, वर पिवळा बल्ब, त्याच्याभोवती किडे, आणि बाजूला पेटाऱ्यावर पाय लागला म्हणून आम्हाला ओरडा. मग खेळ सुरू झाल्यावर तो काळा, लाल जिभेचा संकासूर सरळ पुढच्या रांगेत आला, माझा हात धरला आणि मला मधोमध नेऊन उभं केलं. माझी चड्डी ओली झाली ते जाऊ दे. पण त्याचे आईने किती दिले? आरतीचं ताट फिरलं त्यात चार आणे टाकले असतील, शेजारणीने आठ टाकले असतील, आणि हात माझा धरला, तिच्या पोराचा नाही, कारण मी पुढे बसलो होतो.

आता आपण फार साधे आणि ते फार लोभी असं मला म्हणायचं नाही. आपल्याकडे रेटकार्ड नसतं, ओळख असते. २०२५ च्या डिसेंबरात मेस्सी कलकत्त्याला आला, लोकांनी हजारो रुपये मोजून तिकिटं काढली, आणि मैदानात त्याच्याभोवती पुढारी आणि त्यांच्या ओळखीचे लोक एवढे चिकटले की स्टँडमधल्यांना तो धड दिसलासुद्धा नाही, मग बाटल्या आणि खुर्च्या फेकल्या. आमच्याच जवळच्या एका अकॅडमीने, नाव नको, एका टूर्नामेंटच्या उद्घाटनाला पोरं खेळाडूंबरोबर चालणार म्हणून पालकांकडून किटचे पंधराशे घेतले. माझ्या शाळेतली चार पोरं होती. आयत्या वेळी पाहुण्यांची नातवंडं आली, आमची पोरं नवीन किट घालून दोरीच्या अलीकडे उभी. एकाने ते किट रंगपंचमीला घातलं, मी विचारलं नाही का ते.

म्हणून खरं सांगू, ७०० पाउंडवाला निदान बोर्ड लावतो. ओळखीचा रेट कुठेच लिहिलेला नसतो.

(इथे मागून एका काकींनी विचारलं, "सर, ह्यां सगळां खरां, पण झिलाक नको कसां म्हणूचां? तो मॅच बघूक जाऊचांच म्हणता.")

काकी, नेऊच नका असं मी कुठे म्हणालो? न्या की. सुरुवातीच्या मॅचला न्या, फायनलला नको. डबा घरून न्या, स्टेडियमच्या आत नेऊ देत नाहीत, म्हणून बाहेर गाडीत बसून खा, पोट भरलेलं पोर स्टॉलकडे बघत नाही, निदान अर्धा वेळ तरी. जर्सी आदल्या वर्षीची घ्या, पोराला एक साईझ मोठी, दोन सीझन जातात. आणि त्याला आधीच सांगा की आज शंभर रुपये तुझे, काय घ्यायचं ते तू ठरव. माझ्या भाच्याने शंभरचे शंभर भोंग्यावर घातले आणि सातार्ड्यापर्यंत वाजवला, मेव्हण्याने तो खिडकीतून टाकला नाही हे त्याचे उपकार.

आणि त्या हात धरण्याचं म्हणाल तर आम्ही एक केलंय. आपल्या मैदानावर थंडीत टूर्नामेंट होते, आठ टीम, सगळी आजूबाजूच्या गावांची. फायनलला पोरं आत न्यायची ठरलं तेव्हा लगेच फोन सुरू झाले, आमच्या नातवाचं बघा, स्पॉन्सर आम्ही दिलाय. मी म्हटलं, चिठ्ठ्या. लोणच्याची मोठी बरणी घासून पुसून आणली, तरी वास होताच, १४० पोरांची नावं टाकली, शाळेतली, जेटीवरची, बागेत कामाला आलेल्या नेपाळ्यांची दोन होती ती पण, आणि सगळ्यांसमोर २२ काढल्या. कौल लागल्यावर आपल्याकडे कोणी वाद घालत नाही, तसंच झालं, एक-दोघं पुटपुटले तेवढंच. खर्च किती, तर २२ बनियनवर नंबर रंगवायचा, रंगाचा डबा एक, ब्रश शाळेचा.

माझ्या मुलीची चिठ्ठी निघाली नाही. तिला वाटलं होतं बाबाच काढणार म्हटल्यावर निघेलच. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि फायनलला गोलपोस्टच्या मागे बसून बाहेर गेलेले बॉल आणून देत होती, ते पण माझ्याकडे न बघता. यंदा तिने आत्ताच सांगून ठेवलंय, बरणी मी हलवणार, तुम्ही नीट हलवत नाही.