सात गोल आणि एक गोलकीपर

नमस्कार, श्रोतेहो. मुलगा मॅच हरून आला आणि ताटावर बसेना, की घरात कळतंच. "माझा पास चुकला" असं म्हणत असेल तर झोपू द्या, सकाळी तो मैदानावर दिसेल. पण "मीच फालतू आहे" म्हणायला लागला, तर लक्ष ठेवा. पुन्हा सांगतो, चूक टोचणं वेगळं आणि स्वतःलाच चूक समजणं वेगळं. मानसशास्त्र एवढंच पुरे, कारण मला भारताचे हॉकी गोलकीपर मीररंजन नेगींची गोष्ट सांगायचीय.

१ डिसेंबर १९८२. दिल्लीचं एशियाड, हॉकीची फायनल, समोर पाकिस्तान. पंतप्रधान इंदिरा गांधी मॅच बघायला आलेल्या. दूरदर्शन त्याच वर्षी रंगीत झालेलं, त्यामुळे ज्याच्या घरी टीव्ही त्याच्याकडे सगळी आळी. आणि गोल व्हायला लागले. दोन, तीन, चार... सात! आपला एक. सात-एक. गोलात होते नेगी. (रेडिओवर गोल एकदाच होतो हो. टीव्हीवाले तोच तो फिरवून फिरवून दाखवतात. माझं जुनं दुखणं आहे, असो.)

आता मला सांगा, सात गोल एकटा गोलकीपर खातो का? त्याच्यापुढे दहा जण असतात. हसन सरदार, कलीमुल्ला असले फॉरवर्ड बचाव फोडून थेट गोलासमोरच्या 'डी'त घुसल्यावर तो एकटा काय करणार? पण फॉरवर्डनं दवडलेली संधी लोक विसरतात. गोलात चेंडू फळीवर आपटला, की तो आवाज सगळ्यांना ऐकू जातो. दुसऱ्या दिवसापासून एकच बोलणं: नेगीनं पैसे खाल्ले. पाकिस्तानकडून! पुरावा? कुणी दिला नाही. भारताकडून ते पुन्हा खेळले नाहीत. कितीतरी वर्षं हॉकीपासूनच लांब राहिले.

त्याच एशियाडमध्ये आपल्या मुलींनी हॉकीचं सुवर्ण जिंकलं होतं बरं का. कप्तान एलायझा नेल्सन, आपल्या पुण्याची. सात-एक सगळ्यांना पाठ. एलायझाचं नाव विचारून बघा.

तर, १९९८. बँकॉक एशियाडच्या संघात गोलकीपरांना तयार करायला नेगींना बोलावलं. कप्तान खडकीचा धनराज पिल्ले. फायनल दक्षिण कोरियाशी, सामना बरोबरीत, निकाल पेनल्टी स्ट्रोकवर, म्हणजे मारणारा एक आणि समोर फक्त गोलकीपर. पुन्हा सगळा भार गोलकीपरवरच! आशिष बल्लाळनं स्ट्रोक अडवले आणि एशियाडचं सुवर्ण ३२ वर्षांनी भारताकडे आलं. पुढे २००२ मध्ये मँचेस्टरला मुलींनी राष्ट्रकुल सुवर्ण जिंकलं, तेव्हाही गोलकीपरांचे प्रशिक्षक होते मीररंजन नेगीच.