शेखाडीला उतरलेला माल

मंडळी, दहशतवाद म्हटलं की डोळ्यांपुढे बंदूक घेतलेला पोरगा येतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटीवर तो सगळ्या देशानं पाहिला. आपली सोलापूरची सिद्धेश्वर एक्सप्रेस तिथूनच सुटते. ज्यांचं कुणी मुंबईत होतं, त्या घरांत त्या रात्री फोन लागेपर्यंत कुणाच्या घशाखाली घास उतरला नाही. पण त्या पोराकडे जाण्याआधी मला तुम्हाला रायगडच्या किनाऱ्यावर न्यायचंय.

श्रीवर्धन तालुक्यात शेखाडी म्हणून गाव आहे. फेब्रुवारी १९९३ मध्ये तिथं आरडीएक्स हे स्फोटक उतरलं. ही वाट काही त्यासाठी नव्यानं पडलेली नव्हती. सोन्याचांदीचा चोरटा माल याच किनाऱ्यावरून यायचा, आणि डोळेझाक करायचे पैसे ठरलेले असायचे. यावेळीही कस्टमच्या नि पोलीस खात्याच्या माणसांनी पैसे घेतले, माल पुढं जाऊ दिला. न्यायालयात ते सिद्ध झालं, शिक्षाही झाल्या. काहींना वाटलं असेल, नेहमीसारखी चांदीच आहे. १२ मार्चला मुंबईत बॉम्बस्फोटांत २५७ माणसं मेली. मला त्या नाक्यावरच्या माणसाचीच जास्त भीती वाटते, कारण तो आपल्यासारखा दिसतो.

सीमेपलीकडून प्रशिक्षण आलं, शस्त्रं आली, यात शंका नाही. पण त्याआधी ६ डिसेंबर १९९२ ला बाबरी मशीद पाडली गेली, मुंबईत डिसेंबर-जानेवारीत दंगली झाल्या. त्यांची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगानं ९०० मृत्यू नोंदवले. दंगलीनं स्फोटाचं समर्थन होत नाही, कधीच होत नाही. पण उघड्या जखमेवर माशी बसते, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

आणि पुढं? २००८ च्या हल्ल्यानंतर दहशतवादाचा तपास करणारी एनआयए स्थापन झाली, मुंबईत एनएसजी कमांडोंचा तळ आला. ते हवंच होतं. पण ११ जुलै २००६ चं बघा. लोकलमध्ये सात स्फोट. २०१५ मध्ये बारा जण दोषी ठरले, त्यांतल्या पाचजणांना फाशीची शिक्षा. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं सगळ्यांना निर्दोष ठरवलं. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. ज्या बाईचा नवरा त्या डब्यात होता, तिनं एकोणीस वर्षांनी कुणाकडे बोट दाखवायचं? आणि जे तुरुंगात होते, त्यांनी आपली वर्षं कुणाकडे मागायची? स्फोटाचा आवाज एका क्षणाचा असतो हो. हे मात्र संपतच नाही.

आपल्या पूर्व भागात सूत उधारीवर मिळतं, पावती नंतर होते. या गावाचा धंदाच विश्वासावर उभा आहे. म्हणून एक सांगतो. माझ्या हाताखाली शिकलेला एक मुलगा, वडील यंत्रमागावर टॉवेल विणतात. पुण्यात नोकरी लागली. खोली बघितली, अनामत दिली. करारासाठी आधार कार्ड पुढं केलं, मालकानं नाव वाचलं आणि पैसे परत केले. म्हणाला, "तुझं काही नाही बाळा, पण हल्ली काळ असा आहे."

पोरगा संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं घरी आला. इंग्रजांनी फाशी दिलेल्या ज्या चार सोलापूरकरांवरून त्या गाडीचं नाव पडलं, त्यांत मल्लप्पा धनशेट्टी आहेत, श्रीकिसन सारडा आहेत, जगन्नाथ शिंदे आहेत आणि कुर्बान हुसेन आहेत.